पहिला हात उखडतो, दुसऱ्या हातात रेघा उमटतात: प्लॅस्टिक मॉडेलवर ब्रशने ॲक्रिलिक रंग देताना

१:७२ प्रमाणातल्या, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या, स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या मॉडेलच्या डाव्या पंखावर मातकट तपकिरी रंगाचा पहिला हात दिला, दहा मिनिटे थांबलो, रंग वरून कोरडा दिसला म्हणून दुसरा हात द्यायला घेतला, आणि ब्रश पंखाच्या मध्यावर पोहोचतो न पोहोचतो तोच त्याच्या मागे करड्या प्लॅस्टिकची उघडी पट्टी दिसू लागली. ती झाकण्यासाठी त्याच जागेवरून पुन्हा ब्रश फिरवला, तेव्हा पट्टी आणखी रुंदावली आणि उखडलेल्या रंगाचे बारीक तुकडे तिच्या कडेला वळकटीसारखे गोळा झाले. ब्रशने मॉडेल रंगवणाऱ्या बहुतेकांच्या हातून हे कधी ना कधी घडलेले असते. ते पुन्हा पुन्हा घडत राहते, कारण आपण दोष ब्रशला देतो, अधिक महाग ब्रश आणतो आणि बाकी सारे पूर्वीसारखेच करतो. पुण्यात एका उन्हाळ्यात लागोपाठ तीन मॉडेलांचे पंख माझ्या हातून असे बिघडले, तेव्हा रंगकाम थांबवून मी एकेक कारण वेगळे काढून तपासले. त्यातून माझे असे मत झाले आहे, की या बिघाडात ब्रशचा वाटा लहान असतो. रंग पृष्ठभागावर किती वेळ ओला राहतो आणि दोन हातांमध्ये आपण किती वेळ थांबतो, या दोन गोष्टींवर जवळजवळ सगळे अवलंबून असते.

आधी बिघाड नेमका ओळखावा

उपाय करण्यापूर्वी टेबलावरचा दिवा बाजूला वळवून पंखावर तिरका प्रकाश पाडावा आणि भिंगातून नीट पाहावे, कारण वरवर सारखे दिसणारे तीन बिघाड मुळात वेगळे असतात. पहिल्यात रंग सगळीकडे असतो, प्लॅस्टिक कुठेही दिसत नाही, पण ब्रशच्या केसांनी काढलेल्या उंच-सखल रेघा तशाच वाळलेल्या असतात. दुसऱ्यात रेघेच्या तळाशी प्लॅस्टिक किंवा प्रायमर, म्हणजे रंग धरावा म्हणून आधी दिलेला पायाचा थर, उघडा पडलेला असतो आणि रेघेच्या कडा फाटक्या असतात. हा वर सांगितलेला उखडण्याचा प्रकार. तिसऱ्यात रंग ओला असतानाच मागे सरतो आणि तेलकट ताटावर पाणी टाकल्यावर जशी गोल कडांची बेटे होतात, तशी त्याची बेटे तयार होतात.

या तिसऱ्या प्रकाराचा निकाल लवकर लागतो. साच्यातून भाग सहज सुटावा म्हणून वापरलेल्या तेलकट द्रव्याचा अंश किटच्या भागांवर राहिलेला असू शकतो, आणि जुळणी करताना आपल्या बोटांचे तेलही लागते. डोक्याला खोबरेल तेल लावून कामाला बसल्यास तर नक्कीच लागते. भांडी घासण्याचा द्रव साबण कोमट पाण्यात मिसळून मऊ टूथब्रशने सर्व भाग धुवावेत, स्वच्छ पाण्यातून काढावेत आणि रात्रभर वाळू द्यावेत. पाणी कढत नसावे, कारण पातळ भाग त्यात वाकतात. जुळणी पूर्ण झाल्यावर रंगापूर्वी पुन्हा एकदा ओल्या कापडाने पुसावे, आणि त्यानंतर मॉडेल बोटांनी न धरता चिमट्याला किंवा पोटाखाली खोचलेल्या काडीला धरावे.

धुतलेल्या प्लॅस्टिकवरही पाण्यावर आधारित रंग फारसा घट्ट धरत नाही. त्याला प्रायमरचा पाया लागतो. फवाऱ्याच्या डब्यातला मॉडेलसाठीचा प्रायमर मिळाला तर उत्तम. तो ज्वालाग्राही असल्याने विमानाच्या कुरिअरने येत नाही, म्हणून गावातल्या दुकानात चौकशी करावी किंवा ब्रशने देण्याचा ॲक्रिलिक प्रायमर घ्यावा. गाड्यांसाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा स्प्रे प्रायमर काही जण वापरतात, परंतु तो जवळून आणि जाड मारल्यास प्लॅस्टिक खाऊ शकतो, तेव्हा स्प्रूच्या, म्हणजे किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्या, तुकड्यावर आधी परीक्षा केल्याशिवाय तो मॉडेलवर आणू नये.

साय धरणारा रंग

ॲक्रिलिक रंगात राळेचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की ते कण एकमेकांजवळ येतात, दाबले जातात आणि जोडले जाऊन त्यांचा सलग पापुद्रा बनतो. ही क्रिया वरच्या थराला आणि कडांना आधी सुरू होते. तळाचा थर त्या वेळी ओलाच असतो. गॅस बंद केल्यावर पातेल्यातल्या दुधाचे जे होते, तेच येथे होते. साय धरण्यापूर्वी दूध ढवळले तर काहीच बिघडत नाही. ती पूर्ण धरल्यावर तिची सलग घडी उचलता येते. पण ती अर्धवट धरलेली असताना चमचा घातला, की तिचे तुकडे होतात आणि ते पुन्हा दुधात मिसळत नाहीत. पंखाच्या कडेला गोळा झालेल्या त्या वळकट्या म्हणजे असेच सायीचे तुकडे होत.

म्हणून रंगाच्या तीन अवस्था मनात पक्क्या धराव्यात: ओला, साय धरू लागलेला आणि पक्का. पहिल्या अवस्थेत ब्रश फिरवता येतो, तिसरीत पुढचा हात देता येतो, आणि मधल्या अवस्थेत, कितीही वाईट डाग दिसत असला तरी, हात लावायचा नसतो. रेघा आणि उखडणे हे दोन्ही बिघाड या मधल्या अवस्थेत ब्रश फिरवल्यानेच बहुतांशी होतात. साय नुकती धरू लागली असेल तर रेघा राहतात आणि ती बरीच धरली असेल तर रंग उखडतो.

ही मधली अवस्था किती लवकर येते, हे हवेवर ठरते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा अत्यंत कोरडी असते, तापमान ४० अंशांच्या घरात जाते आणि डोक्यावर पंखा फिरत असतो. अशा वेळी पातळ रंग पंखावर टेकताच वाळू लागतो. हे तपासण्यासाठी मी जुन्या सीडीची पारदर्शक डबी घेतली. ती पॉलिस्टायरीनचीच, म्हणजे किटच्याच जातीच्या प्लॅस्टिकची असते, सपाट असते, आणि आता बहुतेक घरांत ती नुसती पडून असते. पूर्वी परीक्षेसाठी वापरून फेकायचे प्लॅस्टिकचे चमचे घेत असू, पण २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीनंतर ते दुकानातून घेण्याचा प्रश्नच उरला नाही. डबीवर चार चौकोन आखून एकच रंग पंखा चालू ठेवून, पंखा बंद करून, पाणी वाढवून आणि रिटार्डर (रंगाचे वाळणे लांबवणारे द्रव्य) घालून लावला, आणि दर दहा सेकंदांनी स्वच्छ ओला ब्रश एकदाच फिरवून रेघ उमटते का ते पाहिले. पंख्याखालच्या चौकोनात तिसऱ्या फेरीलाच रेघ राहिली. पंखा बंद केल्यावर मला जवळजवळ दुप्पट वेळ मिळाला, आणि रिटार्डर घातलेला चौकोन त्याहूनही बराच वेळ हाताळता आला. नुसते पाणी वाढवल्याने मात्र फारसा वेळ मिळाला नाही, उलट रंग कडांकडे पळाला. आपल्या टेबलावर, आपल्या रंगाने ही परीक्षा प्रत्येकाने एकदा करावीच. अर्ध्या तासाचे काम आहे आणि त्यातून जे आकडे मिळतात ते दुसऱ्याच्या सांगण्यातून मिळत नाहीत.

उन्हाळ्यात मी सकाळी लवकर रंगवतो, पंखा बंद ठेवतो आणि रंग थेट बाटलीतून न घेता वेट पॅलेटवर काढतो. ते विकत घेण्याची गरज नाही. झाकणाच्या चपट्या डब्यात ओला स्पंज किंवा चार पदरी टिश्यू पेपर अंथरून त्यावर स्वयंपाकघरातला बटर पेपर ठेवला की झाले. कागदातून वर येणारी ओल रंगाला तासन्‌तास मऊ ठेवते. मेणकागद घेऊ नये, कारण त्यातून ओल वर येत नाही. पाणी बोअरवेलचे, जड असेल तर गॅरेजमध्ये मिळणारे बॅटरीचे ऊर्ध्वपातित पाणी वापरावे.

पावसाळ्यात मुंबईत आणि कोकणात गणित उलटे होते. रंग बराच वेळ ओला राहतो, त्यामुळे पहिला हात सुरेख बसतो आणि आपण निर्धास्त होतो. पण तळाचा थर वाळायलाही तितकाच उशीर लागतो, आणि दुसऱ्या हाताला उखडतो. तेथे दोन हातांमधले अंतर दुपटीने वाढवावे आणि मॉडेल सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या खोक्यात झाकून ठेवावे. धूळही बसत नाही.

रंगाची जात पाहून थिनर

बाटलीवर ॲक्रिलिक असे लिहिलेले असले तरी मॉडेलच्या बाजारात त्या नावाखाली दोन वेगळ्या जाती आहेत, आणि एका जातीचा उपाय दुसरीला लावल्याने पुष्कळ नुकसान होते. व्हॅलेहो या कंपनीचे मॉडेल कलर किंवा सिटाडेल या कंपनीचे रंग पाण्यावर आधारित आहेत. ते वाळून पक्के झाले की पुढच्या हातातल्या पाण्याने सहसा विरघळत नाहीत, त्यामुळे ब्रशसाठी ते अधिक सोयीचे. तामिया या कंपनीचे एक्स आणि एक्सएफ या मालिकांचे रंग मात्र अल्कोहोलवर आधारित आहेत. नव्या हातातले अल्कोहोल खालच्या हातालाच विरघळवू लागते, म्हणून खालचा थर वाळलेला असतानाही ब्रश दोन-तीनदा फिरवला तर तो उखडून येतो. हे रंग एअरब्रशमधून, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या यंत्रातून, अतिशय सुंदर बसतात, पण मोठ्या सपाट भागावर ब्रशने द्यायला अवघड आहेत, हे आधीच जाणून घेतलेले बरे.

तरीही हाताशी तेच असतील तर निराश होण्याचे कारण नाही. ते पातळ करायला पाणी न वापरता त्यांचाच एक्स-२०ए हा थिनर घ्यावा, त्यात ॲक्रिलिक रिटार्डर दहा टक्क्यांच्या आत घालावा, पहिला हात देऊन पूर्ण रात्र जाऊ द्यावी, आणि दुसरा हात देताना एका जागेवरून ब्रश एकदाच न्यावा. रिटार्डर जास्त पडला तर रंग दिवसेंदिवस चिकट राहतो, तेव्हा तो थेंब मोजून घालावा. या रंगांना नैसर्गिक केसांचा उंची ब्रश वापरू नये, कारण अल्कोहोलने त्याचे केस कोरडे पडून फाकतात. सिंथेटिक ब्रश पुरेसा आहे.

दोन जातींचे थिनर एकमेकांत मिसळण्यापूर्वी एखाद्या झाकणात दोन थेंब मिसळून पाहावेत. पाण्यावर आधारित रंगात अल्कोहोलचा थिनर पडला की तो क्षणात फाटतो आणि रबरासारख्या गुठळ्या होतात. बाटलीत हे घडले तर ती बाटली गेलीच. चित्रकलेच्या दुकानातले ट्यूबमधले ॲक्रिलिक रंग कॅनव्हाससाठी असतात; ते घट्ट असतात आणि ब्रशची खूण टिकून राहावी अशाच गुणाचे बनवलेले असतात. पायाखालची माती, लाकूड, डायोरामाची (मॉडेलभोवती उभारलेल्या छोट्या देखाव्याची) जमीन यांसाठी ते उत्तम आहेत, पण विमानाच्या पंखासाठी मी ते सुचवणार नाही.

येथे बाटली ढवळण्याबद्दलही सांगायला हवे. मॅट रंगात चकाकी मारणारे द्रव्य जड असते आणि रंगद्रव्याबरोबर तळाशी बसते. नीट न ढवळलेला रंग लावला की तो झाकत नाही, आणि वाळल्यावर मध्येच चकचकीत पट्टे दिसतात, ज्यांना आपण ब्रशच्या रेघा समजतो. थेंबाच्या बाटलीत स्टेनलेस स्टीलची एक छोटी गोळी टाकून मिनिटभर हलवावे. साधी लोखंडी गोळी गंजते. रुंद तोंडाची बरणी असेल तर काडीने तळ खरवडून ढवळावे.

पंख रंगवताना प्रत्यक्ष हात कसा चालावा

स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर आहे. १:७२ मध्ये तो साधारण साडेपंधरा सेंटिमीटर होतो, म्हणजे पोट सोडून एका बाजूचा पंख सुमारे सात सेंटिमीटर लांब. मुळाशी त्याची रुंदी मात्र जेमतेम साडेतीन सेंटिमीटर आहे. आपल्याला साहजिकच पंखाच्या लांबीत ब्रश ओढावासा वाटतो, आणि तेथेच चूक होते, कारण सात सेंटिमीटरपर्यंत ब्रशमधला रंग पुरत नाही, टोकाकडे ब्रश कोरडा पडतो आणि आपण पुन्हा मागे येतो, तोपर्यंत सुरुवातीच्या भागाने साय धरलेली असते.

म्हणून ब्रश पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेकडे, हवा वाहते त्या दिशेने न्यावा. आठ मिलिमीटर रुंदीचा, चपटा, मऊ सिंथेटिक ब्रश घेतला तर मुळापासून टोकापर्यंत नऊ-दहा पट्ट्यांत पंख पूर्ण होतो. प्रत्येक पट्टीला दोन सेकंद धरले तरी वीस-पंचवीस सेकंदांत काम संपते आणि प्रत्येक नवी पट्टी शेजारच्या ओल्या कडेवर थोडी चढते, त्यामुळे दोन पट्ट्यांमधला सांधा आपोआप मिटतो. शिवाय काही रेघा राहिल्याच, तर त्या खऱ्या विमानावर धूळ आणि तेल ज्या दिशेने ओघळते त्याच दिशेच्या असतात आणि डोळ्याला खुपत नाहीत. लहान ब्रशने नेमके काम होते असे वाटून आपण मोठ्या भागावरही बारीक ब्रश घेतो, त्याने पट्ट्यांची संख्या वाढते आणि वेळ हातातून जातो. भागात मावेल तेवढा मोठा ब्रश घ्यावा.

ब्रश आधी पाण्यात बुडवून टिश्यूवर टिपून घ्यावा. मग केसांच्या खालच्या एक तृतीयांश भागापर्यंतच रंग घ्यावा, कारण धातूच्या पट्टीपर्यंत रंग चढला की तो आत वाळतो आणि केस कायमचे फाकतात. पॅलेटच्या कोरड्या भागावर एक रेघ ओढून जास्तीचा रंग काढावा. रंग किती पातळ हवा, हे त्या रेघेवरूनच कळते. ओढल्यानंतर दोन-तीन सेकंदांत केसांच्या खुणा आपोआप मिटून पृष्ठभाग सपाट झाला तर तो योग्य आहे. खुणा राहिल्या तर घट्ट आहे. आणि रेघ मधून विरळ होऊन रंग कडांना जमला तर फार पातळ आहे. व्हॅलेहोसारख्या रंगात मी साधारण तीन थेंब रंगाला एक थेंब पाणी आणि ब्रशच्या टोकावर येईल एवढाच फ्लो इम्प्रूव्हर (रंग सहज पसरावा म्हणून घालायचे द्रव्य) घेतो. त्याऐवजी साबणाचा थेंब घालण्याचा सल्ला काही जण देतात. मी तो पाळत नाही, कारण त्याने बुडबुडे येतात आणि रंगाची पकड कमी होते.

पहिला हात वाईटच दिसतो. तो पारदर्शक, डागाळलेला, खालचा प्रायमर दाखवणारा असतो आणि नेमका याच क्षणी तो सुधारण्याचा मोह होतो. तो मोह आवरता आला तर अर्धी समस्या सुटते. दुसऱ्या हाताने रंग जमू लागतो, तिसऱ्याने बहुधा पूर्ण झाकतो, फिका रंग असेल तर चौथा लागतो. असे चार पातळ हात मिळूनही एका जाड हातापेक्षा कमी जाड होतात, आणि या प्रमाणात जाडीला महत्त्व आहे. रंगाचा थर ०.०५ मिलिमीटर झाला तर खऱ्या विमानावर तो ३.६ मिलिमीटरचा लेप ठरतो, आणि पत्र्यांच्या सांध्यांच्या बारीक रेषा त्याखाली बुजतात.

दोन हातांमध्ये किती थांबावे, याचे उत्तर मॉडेलला हात न लावता मिळवावे. प्रत्येक हात देताना त्याच रंगाने, त्याच वेळी, प्रायमर दिलेला स्प्रूचा एक तुकडाही रंगवावा आणि शेजारी ठेवावा. त्यावर नख आडवे ओढावे. रंग सरकला तर थांबावे, फक्त पुसट खूण उमटली तर पुढचा हात द्यावा. पाण्यावर आधारित पातळ रंगाला कोरड्या हवेत अर्धा तास पुरतो. मास्किंग टेप लावायची असेल तर मात्र पूर्ण चोवीस तास जाऊ द्यावेत आणि टेप आधी तळहाताच्या मागच्या बाजूला एकदा चिकटवून तिचा चिकटपणा कमी करून घ्यावा.

बिघडलेच तर

रंग उखडू लागलेला दिसताच ब्रश खाली ठेवावा. तो खड्डा त्याच वेळी भरण्याचा प्रत्येक प्रयत्न तो मोठाच करतो. दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातला २००० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून घासायचा अतिबारीक सँडपेपर) पाण्यात भिजवून बोटाच्या टोकाएवढा तुकडा घ्यावा आणि वळकट्या व कडा हलक्या गोल हाताने उतरवाव्यात. बोट फिरवल्यावर खड्ड्याची कड जाणवेनाशी झाली की पुरे. मग धुऊन, वाळवून, फक्त खड्ड्यात एक पातळ हात द्यावा, तो पक्का होऊ द्यावा, आणि त्यानंतर एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंतच्या पूर्ण भागावर एक हात द्यावा. मध्येच थांबलेले ठिगळ नेहमी दिसते, सांध्याच्या रेषेवर थांबलेले दिसत नाही.

सगळा पंखच गेला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने रंग थोडा थोडा मऊ करून काढता येतो. खिडकी उघडी असावी, जवळ गॅस किंवा समई पेटलेली नसावी, आणि पारदर्शक प्लॅस्टिकचे भाग त्यापासून दूर ठेवावेत. हार्डवेअरचा थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर मात्र कधीही वापरू नयेत. दोन्हींनी पॉलिस्टायरीन विरघळते आणि मग दुरुस्त करायला पंखच उरत नाही.

शेवटी पिवळ्या रंगाविषयी, कारण तपकिरी आणि हिरव्यावर हात बसलेले लोकही तेथे अडतात. पिवळा, लाल आणि पांढरा हे रंग झाकण्यात दुबळे असतात. स्पिटफायरच्या नाकावरच्या काळ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पात्यांची टोके चार इंचांपर्यंत पिवळी असत, म्हणजे मॉडेलवर साधारण १.४ मिलिमीटर. काळ्यावर पिवळा द्यायला गेले तर पाच-सहा हात होतात, रंग हिरवट दिसतो आणि टोकाला गाठ येते. त्याऐवजी टोकांना आधी पांढरा आणि त्यावर पिवळ्याचे दोन पातळ हात द्यावेत, चोवीस तासांनी प्रत्येक टोकाला १.४ मिलिमीटर रुंदीची टेपची पट्टी गुंडाळावी आणि मग उरलेले पाते काळे करावे. काळा एका हातातच झाकतो, आणि टेप काढल्यावर पिवळ्या टोकाची कड सरळ मिळते.